शिबिराच्या नाटकात मासा उसवला आणि योना शेपटीकडून बाहेर आला, आता उरलेले दिवस कसे काढू?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा कॉलेजचा पोरगा आहे, सोलापुरातल्या एका चर्चच्या उन्हाळी शिबिरात, म्हणजे आपल्या व्हीबीएसला (व्हेकेशन बायबल स्कूल), पहिल्यांदाच व्हॉलंटियर म्हणून गेलाय. दुसऱ्या दिवशी योनाचं नाटक होतं, म्हणजे बायबलमधला तो देवाचं न ऐकता पळालेला माणूस, ज्याला मोठा मासा गिळतो आणि मग किनाऱ्यावर ओकतो. मासा करायला दोन सोलापुरी चादरी एकमेकींना टाचल्या, तोंडाच्या बाजूला हा, शेपटीत याचा मित्र, आणि मधे पोटात सात वर्षांचा योना. माशाने किनाऱ्याला येऊन योनाला ओकायचं त्या वेळी पुढचा डावीकडे वळला, मागचा उजवीकडे, टाके उसवले, योना तोंडातून यायचा तो शेपटीकडून घसरत बाहेर आला, आणि हा स्वतः जाऊन पिण्याच्या पाण्याच्या जारवर आदळला, २० लिटर पाणी फरशीवर. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "माशाने योनाला शी केली!" मग काय, सगळा हॉल लोळायला लागला. याने माईक घेतला आणि "शांत बसा, ही देवाच्या वचनातली गोष्ट आहे" असं दरडावलं, त्यावर आणखी हसू. आता पोरं याला मासेमामा म्हणतात. शिबिराचे तीन दिवस राहिलेत, शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम आहे आणि पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, म्हणतात तेच नाटक परत करा. वचनाचा अपमान झाला का आणि शिबीर सोडून देऊ का, असं विचारतोय.

सलाम भावा. तुझा प्रश्न वाचला, मग घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा आमच्याही घरात तुझं नाव आता तेच आहे, राग मानू नको. मी संडे स्कूल आणि उन्हाळी शिबिरं बरीच वर्षं सांभाळतोय, आधी तुझ्यासारखा खुर्च्या उचलणारा होतो, आता खुर्च्या उचलायला सांगणारा झालोय, एवढीच काय ती बढती. सोडून जाऊ नको हे पहिलं. बाकीचं सावकाश सांगतो कारण तू जे विचारलंस त्यापेक्षा जे विचारलं नाहीस ते जास्त महत्त्वाचं आहे.

तू स्वतःच्या फजितीवर एवढं मोठं लिहिलंस आणि योना झालेल्या पोराबद्दल अख्ख्या प्रश्नात एकच वाक्य, "त्याला काही लागलं नाही, तोपण हसत होता". बे, सात वर्षाचं पोरगं शंभर पोरांपुढे पडल्यावर हसणारच, रडून दाखवेल होय? आज संध्याकाळी त्याच्या घरी फोन कर, जमलं तर जाऊनच ये. त्याच्या आईला तुझ्याकडून कळू दे, शेजारच्या पोराकडून नको. कुठे आपटला, डोकं टेकलं का, कोपर खरचटलं का, सरळ सांग. डोक्याला लागलं असेल तर एखाद दिवस नजर ठेवायला सांगायची: उलट्या होतायत, नेहमीपेक्षा जास्त गुंगी आहे, डोकं दुखणं वाढतंय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी थेट डॉक्टर, वाट बघायची नाही. ९९ टक्के वेळा काही नसतं आणि आई चहा पाजून पाठवते. पण पालकाला सांगितलेलं असणं ही शिबिराची अब्रू आहे. पुढच्या वर्षी पोरगं येणार की नाही ते त्या फोनवर ठरतं.

आणि पाणी. सगळे हसत होते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण आपल्या जुन्या हॉलमध्ये बहुतेक शहाबादी फरशी असते आणि ती ओली झाली की घसरगुंडी होते, वर साऊंडवाल्याचा एक्स्टेन्शन बोर्ड नेहमी जमिनीवरच पडलेला असतो, स्टेजच्या कडेला, वायरींचा गुंता करून. पाणी तिकडे गेलं असतं तर तू हा प्रश्न लिहीत बसला नसतास. असं काही सांडलं की पहिल्यांदा एकाने मेन बटण बंद करायचं, माईक वाजतोय का बघत बसायचं नाही. मग दुसऱ्याने पोरांना जागेवर बसवून ठेवायचं आणि पुसायला पोछा आणायचा. उद्याच बोर्ड उचलून खुर्चीवर किंवा खिडकीत ठेवा आणि पाण्याचे जार स्टेजपासून लांब, दाराजवळ. सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे तुला मी सांगायला नको, त्यामुळे पिण्याचा जार सांडला की तो परत भरायला कोण जाणार हेसुद्धा आधी ठरलेलं पाहिजे, साडेदहाला पोरं "सर पाणी" करून मागे लागल्यावर ठरवायचं नाही.

आता मासा. एक विचारतो, मे महिन्यात सोलापुरात चादरीचा मासा करायची आयडिया कुणाची? चादर आपल्या गावची शान आहे, मान्य, कुणाच्या लग्नात दिली तर वीस वर्षं टिकते, पण ती थंडीसाठी विणलेली आहे बाबा. जाड सूत, घट्ट वीण, त्यात दोन जोडलेल्या, आत तीन माणसं, बाहेर ४२ डिग्री आणि हॉलवर पत्रे असतील तर आत अजून जास्त. हवा खेळायला जागाच नाही. तो मासा उसवला हे एका अर्थी बरंच झालं, नाहीतर तिसऱ्या प्रवेशापर्यंत आतल्या कुणाला तरी चक्कर आली असती. चादर टाचलेल्या टाक्यावर टिकणारच नव्हती, तिचं वजनच टाके ओढतं, आणि दोन माणसं दोन दिशेला चालली की जाड कापड ताणत नाही, शिवण उसवते. म्हणजे तुम्ही दोघं एका दिशेला वळला असता तरी पुढच्या खेपेला हेच झालं असतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे जी आमच्या वेळी कुणी बोलायचं नाही पण आता बोललीच पाहिजे. लहान पोराला दोन मोठ्या माणसांबरोबर बंद कापडाखाली, कुणाला दिसत नाही असं ठेवायचं नाही. तू चांगला आहेस, तुझा मित्रही चांगला आहे, प्रश्न तो नाहीच. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणावर संशय घ्यावा लागत नाही: पोरगं कायम दिसलं पाहिजे, आणि एकटा मोठा माणूस एकट्या पोराबरोबर बंद जागेत नाही, मग ते स्टोअररूम असो, टॉयलेट असो की माशाचं पोट. पालक आता हे विचारतात, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे.

मग मासा करायचा कसा? सगळ्यात चांगला मासा पोरांचाच होतो. पंधरा-वीस पोरं दोन रांगांत उभी करायची, समोरासमोर, हात वर धरून कमान, ते झालं पोट. पुढची दोन उंच पोरं हात वर-खाली करून जबडा उघडमिट करतात. शेवटचं एक वात्रट पोरगं शेपटी, त्याला हलायला सांगायची गरजच नसते. योना आत शिरला की सगळ्यांना दिसतो, रांग डुलते तसा तोपण डुलतो, आणि ओकायच्या वेळी सगळी रांग मिळून "व्वॅऽऽक" करते, हा आवाज काढायला मिळावा म्हणून पोरं रोज वेळेवर येतील, लिहून ठेव. खर्च शून्य. आणि ज्याला स्टेजवर बोलायची भीती वाटते असं पोरगंपण माशात खपून जातं. कापडाचाच हवा असेल, पाळकसाहेबांचा आग्रह असेल, तर मच्छरदाणी किंवा जुन्या धोतराचं पातळ कापड घे, बुरूडाकडून बांबूच्या कामट्या आणून दोन-तीन गोल कडी बांध, नाहीतर हुला हूपच्या रिंगा चालतात, आणि खालची बाजू उघडी ठेव. पाय दिसले तर दिसू देत, माशाला पाय का आहेत असं आजवर एकाही पोराने विचारलेलं नाही, आणि विचारलं तर त्याला पुढच्या वर्षी माशात घे.

उन्हाचं थोडक्यात सांगतो, कारण तुमचं शिबीर किती वाजता सुटतं ते तू लिहिलं नाहीस. सकाळी आठला सुरू, साडेअकराला बंद, याच्यापुढे ओढू नका. मैदानी खेळ पहिल्या तासात उरकायचे. ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात घालायचं, मोठं पाकीट एक लिटरला, अर्ध्या ग्लासात कालवून पाजायचं नाही, ही चूक दरवर्षी कुणीतरी मावशी प्रेमाने करते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पोरगं नुसतं दमलं असेल तर सावली, पंखा, पाणी एवढं पुरतं. पण अंग भट्टीसारखं तापलंय आणि ते असंबद्ध बोलतंय किंवा नीट उत्तर देत नाही, तर ऊन लागलंय समजायचं, ओल्या कापडाने अंग गार करत १०८ ला फोन, आणि शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. वचनाचा अपमान झाला का?

बायबल काढ आणि योनाचं पुस्तक आज रात्री बसून सलग वाच. चार अध्याय आहेत, ४८ वचनं, चहा गार व्हायच्या आत संपतं. आणि मोज की त्यात मासा किती वेळा येतो. पहिल्या अध्यायाच्या शेवटी गिळतो, दुसऱ्याच्या सुरुवातीला योना त्याच्या पोटातून प्रार्थना करतो, दुसऱ्याच्या शेवटी ओकतो. तीन वचनं. ४८ मधली तीन! आणि आपण दरवर्षी अख्खं नाटक त्या तीन वचनांवर करतो, कारण मासा करायला मजा येते. तुझा मासा उसवला म्हणून वचन उसवत नाही.

आणि ही गोष्ट मुळात गंभीर चेहऱ्याने सांगण्यासारखी आहे का तेपण बघ. देव म्हणतो पूर्वेला निनवे शहरात जा, हा गडी याफोच्या बंदरावर जाऊन नेमकं उलट्या दिशेच्या तार्शीशचं तिकीट काढतो, भाडं भरतो म्हणून स्पष्ट लिहिलंय. भर वादळात सगळे खलाशी आपापल्या देवांना हाका मारतायत आणि देवाचा माणूस तळाशी घोरत पडलाय. मग निनवेत गेल्यावर एवढंसं भाषण करतो, चाळीस दिवसांत शहर उलथणार, बस, आणि सगळं शहर पश्चात्ताप करतं, राजा सिंहासनावरून उठून राखेत बसतो, आणि गुराढोरांनासुद्धा गोणपाट घालायचा हुकूम निघतो. डोळ्यापुढे आण, गोणपाट घातलेल्या म्हशी! आणि एवढं यश मिळाल्यावर प्रचारक खूश व्हायचा की नाही, तर हा रुसून शहराबाहेर जाऊन बसतो. ज्याने हे लिहिलं त्याला हसू चालत नव्हतं असं मला तरी वाटत नाही. ओकण्याचा शब्दसुद्धा आपल्या मराठी बायबलात आहेच, त्या चिमुरडीने फक्त दिशा बदलली.

आपल्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कीर्तनाची परंपरा आहे, ती तुझ्या आजीला विचार. ख्रिस्ती कीर्तनकार टाळ-मृदुंग घेऊन उभा राहायचा, अर्धा तास मंडळीला हसवायचा आणि मग हळूच अशा ठिकाणी आणून सोडायचा की हसणारी माणसं पदराने डोळे पुसायला लागायची. हसू हे त्यांचं हत्यार होतं. आणि ज्या व्हीबीएसमध्ये आपण पावित्र्य मोजत बसलोय तिचा उगम सांगू का? न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला १८९८ साली हॉज नावाच्या बाईंना रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांसाठी सुट्टीत रोज बायबलची शाळा भरवायची होती, दुसरी जागा मिळेना म्हणून त्यांनी चक्क बिअरचा हॉल भाड्याने घेतला. पुढे १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी त्याच शहरात ही कल्पना उचलून धरली आणि तिथून ती पसरत गेली. बिअरच्या हॉलमधून सुरू झालेली गोष्ट एका उसवलेल्या चादरीने विटाळत नाही.

पण एक जागा मात्र तुला दाखवतो, जिथे तुझं खरंच चुकलं. पडलास ते ठीक. माईक घेतलास ते नको होतं. पोरं हसायला लागली की त्या हसण्याचा एक भर असतो, तो चढतो आणि आपोआप उतरतो, त्यात आपण फक्त उभं राहायचं, शक्य असेल तर स्वतः हसायचं. मधेच दरडावलं की पोरं दोन गोष्टी शिकतात, एक म्हणजे देवाच्या घरात हसायला बंदी आहे, आणि दोन म्हणजे मामाला चिडवलं की मजा येते. दुसरी तर लगेच शिकतात. हसू ओसरतंय असं दिसलं, म्हणजे पोरं एकमेकांकडे बघायची थांबून परत तुझ्याकडे बघायला लागली, की त्या क्षणी अगदी हळू आवाजात विचारायचं, "मग योना बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगाला कसला वास येत असेल?" संपलं, सगळी पोरं गोष्टीत परत. प्रश्न असा टाकायचा की ज्याचं उत्तर प्रत्येकाला माहीत आहे असं वाटतं. "शांत बसा" हा प्रश्न नाही, म्हणून त्याला उत्तरही मिळत नाही. आणि तेही जमलं नाही तर टाळ्यांचं एखादं गाणं सुरू करायचं, तालासुरात नसलं तरी चालतं, हात कामाला लागले की तोंड सरळ होतं.

असल्या फजित्या व्हायलाच पाहिजेत असं माझं मत आहे, जिथे होत नाहीत ते शिबीर मला जरा संशयास्पद वाटतं, म्हणजे पोरांना हलूच दिलं नसणार. एका शिबिरात दावीद आणि गल्याथ होतं, म्हणजे पोरसवदा दावीद गोफणीने धिप्पाड गल्याथाला लोळवतो ती गोष्ट, गल्याथ म्हणून जाडजूड नववीतला पोरगा, पुठ्ठ्याची ढाल, डोक्यावर स्टीलचं पातेलं. दावीदाने गोफण फिरवली, कागदाचा बोळा बरोबर कपाळावर बसला, पण गल्याथ पडेना. का, तर समोर त्याची आजी बसलेली आणि आजीसमोर मरायला त्याला लाज वाटली. दावीदाने परत मारला. तरी उभा. तिसऱ्यांदा मारल्यावर एकदाचा पडला, तर आजी उठून स्टेजवर, "लागलं का रे बाळा", आणि दावीदाला दोन शब्द सुनावून नातवाला हाताला धरून खाली घेऊन गेली. गल्याथाचं पलिष्टी सैन्य बघत राहिलं. दुसऱ्या एका ठिकाणी तांबडा समुद्र होता, म्हणजे समुद्र दुभंगतो, मोशे इस्राएल लोकांना पार नेतो आणि पाठलाग करणारं फारोचं सैन्य बुडतं ती गोष्ट, महिला मंडळाच्या निळ्या साड्या दोन्हीकडून धरलेल्या, इस्राएल लोक पार झाले की साड्या खाली सोडायच्या असं ठरलेलं. फारोचं सैन्य एवढ्या जोरात पळालं की मोशेच्या आधी पलीकडे पोचलं, आणि वर हात करून "जिंकलो" म्हणून ओरडलं. तिथल्या ताईंनी काय केलं ठाऊक आहे? शांतपणे म्हणाल्या, "बघा, असं झालं असतं तर आज आपण ही गोष्ट वाचत बसलो असतो का? चला परत मागे." सैन्य मुकाट्याने मागे गेलं आणि बुडालं. ताईंचा आवाजसुद्धा चढला नाही. ते बघून मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलो नाही, आणि ट्रेनिंगला जेवण चांगलं असायचं तरी.

मासेमामा या नावाचं काय करायचं विचारतोस. काहीच करू नको. फक्त एवढं बघ की ते कोण आणि कसं म्हणतंय. छोटी पोरं म्हणतायत, हात धरून ओढतायत, तर ते नातं आहे, ते नाव तुला पुढच्या वर्षीपण कामाला येईल, कारण शंभर पोरांच्या गोंधळात "सर" म्हटलं की चार जण वळतात आणि मासेमामा एकच असतो. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं असतील तुमच्याकडे, तर उद्यापर्यंत चेपामामापण होशील, तयारी ठेव. पण तुझ्याच वयाचे व्हॉलंटियर तेच नाव घेऊन त्या योनाला चिडवत असतील, "काय रे, माशाने कुठून काढलं तुला", तर ते तिथल्या तिथे बंद कर, बाजूला घेऊन, पोरांसमोर नको. तुझ्यावर हसू चालेल, त्याच्यावर नाही. तुला सुट्टीनंतर कॉलेजला जायचंय, त्याला त्याच पोरांबरोबर जूनमध्ये शाळेत बसायचंय.

उद्या सकाळी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मागून घे आणि योनाला पुढे बोलाव, त्याची तयारी असेल तरच. त्याला विचार, "मामा पडला तेव्हा तुला काय वाटलं?" पोरं काय बोलतील सांगता येत नाही, आणि त्यातच मजा आहे. तो नाही म्हणाला तर नाही, विषय सोडून दे.

शेवटच्या दिवसाचं आता. पाळकसाहेब तेच नाटक करा म्हणतायत ते बरोबर म्हणतायत. पोरांना आता योना पाठ झालाय, नवीन काही बसवायला वेळ नाही. पण एक मोह होईल, तुझ्या मित्राला तर नक्की होईल, की मासा परत मुद्दाम उसवायचा, पालकांनापण हसवायचं. ते करू नका. ठरवून पडणारा माणूस पडताना दिसतो, पोरं हसत नाहीत, उलट सांगतात "मामा, त्या दिवशीसारखं नाही झालं". वर पालकांनी पहिला प्रयोग बघितलेला नाही, त्यांना वाटेल शिबिरात पाच दिवस हेच चाललं होतं. आणि आलेले सगळे पालक काही आपल्या मंडळीतले नसतात, आसपासच्या गल्लीतली हिंदू-मुस्लिम पोरंही खेळायला आणि गाण्याला म्हणून येतात, त्यांच्या आईबापांनी विश्वासाने पाठवलेलं असतं. काय शिकवतो, काय गोष्टी सांगतो, ते त्यांनी डोळ्यांनी नीट बघावं, हे आपल्याच भल्याचं आहे.

माझं ऐकशील तर मासा लवकर उरक, रांगेचा मासा, एकदा व्वॅक, आणि पुढे जा. सगळे जिथे थांबतात तिथे तुम्ही थांबू नका, चौथा अध्याय करा. तो क्वचितच कुणी करतं आणि सोलापूरच्या पोरांना तोच सगळ्यात जास्त कळेल. योना शहराबाहेर बसलाय, देव त्याच्या डोक्यावर सावली व्हावी म्हणून एक झुडूप उगवतो, योना जाम खूश, अख्ख्या पुस्तकात एकदाच खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे एक किडा येतो आणि झुडूप कुरतडतो, ते वाळतं, मग पूर्वेचा गरम वारा सुटतो आणि डोक्यावर ऊन असं तापतं की योनाला घेरी येते आणि तो म्हणतो याच्यापेक्षा मेलेलं बरं. मे महिन्यात दुपारी एकला सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघणाऱ्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. झुडूप म्हणून एका पोराच्या हातात कडुलिंबाचा डहाळा दे. गरम वारा म्हणून सगळ्या माशाने, म्हणजे त्या रांगेतल्या पोरांनी, तोंडाने फूऽऽ करायचं. आणि किडा तू हो. एवढा मोठा मासेमामा जमिनीवर सरपटत येऊन डहाळा खातोय हे बघितल्यावर पोरांना जे हसू पाहिजे ते मिळेल, ते गोष्टीतलंच असेल, आणि कुणी पडणार नाही कारण तू आधीच आडवा आहेस.

तालमी दोनच कर, जास्त नको, आणि दोन्ही त्याच हॉलमध्ये, रिकाम्या खुर्च्यांसमोर. पुढचा कुठे वळणार आणि मागचा कुठे वळणार ते खडूने फरशीवर आखून घे, कारण स्टेजवर डावं-उजवं कुणालाच कळत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या वचनातसुद्धा देव योनाला हेच म्हणतो बघ, की निनवेत एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत ज्यांना डावा-उजवा हात कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, तर मी त्यांची कीव करू नको का? बस, तिथेच पुस्तक संपतं, प्रश्नावर. योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही. हे वाक्य त्या शी म्हणणाऱ्या चिमुरडीकडून म्हणवून घे, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो हे सिद्ध झालंच आहे.

फक्त पाळकसाहेबांना आदल्या दिवशी सांगून ठेव की नाटक प्रश्नावर संपणार आहे आणि लगेच खाऊ वाटायचाय, नाहीतर ते माईक घेऊन उत्तर द्यायला उभे राहतील आणि तोपर्यंत कुल्फी वितळून जाईल.